गच्चीवर अँटेना लावायचाय, पण खरखर इतकी की समोरचा ऐकूच येत नाही

गच्चीकर
नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संवादाचा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना नुकताच हातात आलाय. म्हणजे ५० वॅटपर्यंत बोलायची मुभा. राहायला पुण्यात, सात मजली इमारतीत, सहाव्या मजल्यावर. सोसायटीने गच्ची वापरायला तोंडी होकार दिलाय, लेखी अजून मिळायचाय.

अडचण अशी की सेट लावून खिडकीबाहेर तात्पुरती तार सोडली, तर ७ मेगाहर्ट्झवर नुसती खरखर. संध्याकाळी एस मीटरचा (सिग्नलची ताकद दाखवणारा) काटा ८ या आकड्याच्या खाली उतरतच नाही. सकाळच्या नेटवर (हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळच्या गप्पांत) मुंबई-नाशिकची मंडळी बोलताहेत एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. बाबा वर्षानुवर्षं मध्यम लहरींवर पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ, लावत आलेत. त्यांच्या रेडिओतही हल्ली तीच घरघर आहे, त्यामुळे हा प्रश्न आता घरातल्या दोघांचा झालाय.

गच्चीवर काय काय आहे ते सांगतो. लिफ्टची खोली, चार टाक्या, अर्ध्या भागावर सोलर पॅनेल, डिश टीव्हीच्या छत्र्या आणि इंटरनेटवाल्यांच्या केबलचं जाळं. शेजारच्या इमारतीवर मोबाइल टॉवर आहे.

विचारायचं हे: अँटेना नेमका कुठे लावू? उभा की आडवा? अर्थिंगने खरखर कमी होते का? केबल कुठली घेऊ? दुकानदार मोठा अँटेना आणि सोबत अॅम्प्लिफायर घ्या म्हणतोय.

---

वायरमन_तात्या
दुकानात इतक्यात जाऊ नका. खरखर कुठून येते ते कळल्याशिवाय अँटेनाची जागा ठरवता येणार नाही.

बॅटरीवर चालणारा साधा एएम रेडिओ घ्या, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि घरातला मेन एमसीबी पाडा. खरखर बंद झाली तर चोर घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा, कुठल्या खोलीवर परत येते ते लगेच सापडेल. मेन पाडूनही खरखर तशीच राहिली तर तोच रेडिओ घेऊन जिना, मीटरची खोली, गच्ची असा फेरा मारा. पावलागणिक वाढते-घटते, त्यावरून माग लागतो.

अॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच वाढवणार. त्याचे पैसे चांगल्या केबलमध्ये घाला.

---

पिंपळपान
तात्या म्हणतात तसंच करा. फक्त मालिका चालू असताना मेन पाडू नका, नाहीतर परवाना भिंतीवर आणि तुम्ही गच्चीवर :)

---

मेधा_स
खरखरीच्या आवाजावरूनही बरंच ओळखता येतं. जाड, खडबडीत, अखंड गुरगुर असेल तर बहुतेक विजेच्या तारेवर कुठेतरी ठिणगी पडतेय. आपली वीज ५० हर्ट्झची, प्रत्येक आवर्तनात दोनदा ठिणगी, म्हणून गुरगुर १०० हर्ट्झची. पॉवर सप्लायची खरखर वेगळी. डायल फिरवत गेलात की ठरावीक अंतरावर फुगवटे लागतात, आणि ते उष्णतेबरोबर हळूहळू सरकतात. मोबाइल चार्जर, राउटरचा अॅडाप्टर, एलईडी ट्यूबचा ड्रायव्हर, सगळे याच जातीचे, आत ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारे. सोलरची खरखर सूर्यास्ताला आपोआप थांबते. लिफ्टची लिफ्ट हलली की येते, थांबली की जाते. संध्याकाळी काटा खाली येत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सोलर नसावं, दिव्यांवर संशय घ्यायला जागा आहे.

आता अँटेनाचं. शहरात सगळ्यात दुर्लक्षित भाग केबलचा असतो. कोअॅक्स केबलमध्ये मधल्या तारेभोवती धातूची जाळी असते. तिच्या आत सिग्नल सुरक्षित असतो, पण जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर वेगळाच प्रवाह वाहू शकतो. घरातल्या वायरिंगमधली सगळी घाण त्या बाहेरच्या बाजूने वर चढते, अँटेनाच्या जोडापाशी पोचते आणि तिथून आत शिरून रिसीव्हरला येते. म्हणजे गच्चीवर कितीही निवांत जागी डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तार) टांगला तरी केबल स्वतःच अँटेना होऊन सहाव्या मजल्यावरचे चार्जर ऐकवत बसते.

उपाय म्हणजे हा बाहेरचा प्रवाह अडवणारा चोक. फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) मोठ्या रिंगवर कोअॅक्सचे दहा-बारा वेढे. साहित्य बघून घ्या: ३१ नंबरचं मिश्रण ७ मेगाहर्ट्झ आणि खालच्या पट्ट्यांना उत्तम, ४३ नंबरचं वरच्या पट्ट्यांना. एक चोक अँटेनाच्या जोडापाशी, दुसरा केबल घरात शिरते तिथे. बाजारात फुटलेल्या सप्लायमधल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगा मिळतात, त्या लोखंडी भुकटीच्या असतात, या कामाला चालत नाहीत. डायपोल असेल तर वर १:१ करंट बालन लावायचा, आतून तोही चोकच असतो.

---

सह्यकडा
मेधाताईंना +१. चोक लावल्यावर माझ्याकडे आधी ऐकू न येणारी स्टेशनं ऐकू यायला लागली. अँटेना तोच, जागा तीच.

पण उभा की आडवा याचं उत्तर कोणी दिलं नाही. माझं मत ठाम आहे: शहरात आडवा. घरगुती खरखर जवळून, जमिनीलगत येते आणि तिचा मोठा भाग उभ्या ध्रुवणाचा असतो. उभा अँटेना ती आनंदाने गोळा करतो. शिवाय पुण्याहून मुंबई-नाशिक-कोल्हापूर बोलायचं म्हणजे सिग्नल वर आयनांबरापर्यंत (लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या थरापर्यंत) जाऊन परत खाली यायला हवा. कमी उंचीचा डायपोल वरच्या दिशेनेच जास्त फेकतो. ७.१ मेगाहर्ट्झला पूर्ण लांबी साधारण २० मीटर, प्रत्येक बाजू १० मीटर. मध्यभाग उंच आणि टोकं खाली असा उलटा व्ही केलात तर थोडी कमी. आधी लांबच कापा आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा) बघत छाटत या.

---

दर्याकिनारी
उभ्याला सरसकट नावं ठेवू नका हो. आमच्या समुद्रावर सगळं उभंच चालतं, कारण बोट डोलते, वळते, आणि चारही दिशांना बोलायचं असतं. मरीन व्हीएचएफचं, म्हणजे बोटींवरच्या रेडिओचं, चॅनल १६, १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटाच्या हाकेचं, ते ऐकू आलं नाही तर जिवावरचं.

आणि खरखरीचा प्रश्न बोटीवरही आहे. २०१८ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने सूचनाच काढली होती की एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस (बोटींची ओळख आणि जागा कळवणारी यंत्रणा) दोन्ही बहिरे होताहेत, विशेषतः दिवे अँटेनाजवळ असतील तर. त्यात तपासायची सोपी रीत होती. सगळे एलईडी बंद करायचे, रेडिओ शांत चॅनलवर लावायचा, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारं बटण) उघडून खरखर ऐकायची, मग ती जेमतेम बंद होईल इतपतच फिरवायचा. आता दिवे लावा. खरखर परत आली तर दिव्यांनी खरखरीची पातळी वर उचललीय. हे घरी वॉकीटॉकीवरही करता येतं. मी आमच्या बंदरातल्या पोरांना हे करून दाखवतो. डोलकाठीवरचा एक स्वस्त दिवा बदलला की दूरच्या बोटी ऐकू येतात, मग त्यांचा विश्वास बसतो.

---

पिंपळपान
अवांतर: एलईडी लावून मासेमारीवर बंदी आहे ना?

---

दर्याकिनारी
आहे, केंद्राने २०१७ पासून घातलीय, आणि असायलाच हवी. पाण्यावर लखलखाट करून पिल्लांसकट सगळं ओढायचं म्हणजे उद्या समुद्रात काय उरणार? मी म्हणतोय ते दिशादर्शक आणि डेकवरच्या दिव्यांबद्दल. चांगल्या बनावटीचा, गाळणी असलेला दिवा घ्यावा, एवढंच.

---

बाणेरी
मंडळी, प्रामाणिक प्रश्न. मोबाइलवर जगात कुठेही फुकट बोलता येतं. मग सोसायटीशी वाद घालून गच्चीवर तारा कशासाठी ओढायच्या?

---

वायरमन_तात्या
१९९३ ला किल्लारी आणि २००१ ला भुज. फोन ठप्प असताना हॅम मंडळींनी निरोप पोचवले. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, एका तारेवरून दुसऱ्या तारेवर. हे काम आणीबाणीच्या दिवशी सुरू करता येत नाही, रोज ऐकत-बोलत राहिलेल्यालाच ते जमतं. आणि ज्याच्या घरी एस आठची खरखर आहे त्याला त्या दिवशी ढिगाऱ्याजवळून ५ वॅटवर बोलणारा ऐकू येणार नाही. म्हणून गच्चीकरांचा प्रश्न महत्त्वाचा.

---

बाणेरी
हे पटलं. आता वाचतोय.

---

खोडदचा
खरखरीचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावाबद्दल लिहिलं पाहिजे. जुन्नर तालुक्यातलं खोडद, नारायणगावपासून जवळ. इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० महाकाय तबकड्या, मधल्या चौकात १४ आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागे मोठं कारण हेच होतं की इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता आणि भोवतीच्या डोंगरांचा आडोसा होता.

ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये ऐकते. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण की शेजारच्या ११ केव्हीच्या तारेवरचा एक सैल जोडही त्याला बुडवतो. म्हणून तिथले लोक वीजतारांचे ठिणगी पडणारे जोड शोधत हिंडतात आणि वीज मंडळाला सांगून दुरुस्त करवून घेतात. तबकड्यांकडून सिग्नल प्रकाशतंतूंवरून आणला जातो. तरीही जे आत शिरतं ते संगणक क्षणाक्षणाला चाळून काढतो: ज्या नमुन्याची पातळी आजूबाजूच्यांपेक्षा एकदम उसळलेली दिसते तो बाजूला टाकायचा.

आम्हा गावकऱ्यांना याची झळही लागते. कारखाने, टॉवर, सगळ्यावर विचारपूस. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मार्गही याच कारणाने अडला, आणि त्यावर आमच्याकडे रागही आहे. मला दोन्ही बाजू कळतात. पण अशी जागा पुन्हा तयार करता येत नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, पोरांना घेऊन जरूर या. आमच्या शाळेतली कितीतरी मुलं तिथूनच विज्ञानाकडे वळली.

---

सह्यकडा
खोडदचा, फार छान लिहिलंत. मी एकदा बॅटरीवरचा सेट घेऊन तुमच्या बाजूच्या डोंगरात गेलो होतो. तीच तार, तोच सेट, आणि बँड इतका शांत की सेट बंद पडलाय की काय असं वाटलं.

---

मेधा_स
त्याला आकडाही आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतली सूत्रं लावली तर ७ मेगाहर्ट्झला शहर आणि शांत ग्रामीण भाग यांच्या गोंगाटात साधारण २४ डेसिबलचा फरक निघतो. म्हणजे एस मीटरची चार घरं. शक्तीत म्हणाल तर शहरात खरखर सुमारे अडीचशे पट. समोरच्याने ५० वॅटच्या जागी ४०० वॅट लावले तरी त्यातले फक्त ९ डेसिबल भरून निघतात. यावरून अॅम्प्लिफायरच्या खर्चाचं काय ते ठरवा. स्वतःकडची खरखर १० डेसिबलने उतरवली तर समोरच्या प्रत्येकाने आपली शक्ती दहापट केल्यासारखं होतं, आणि तेही त्यांना न सांगता.

---

जुना_दूरदर्शनवाला
हा धागा वाचून गच्चीवरचे ते दिवस आठवले. १९७३ ला सिंहगडावर दूरदर्शनचं केंद्र सुरू झालं आणि पुण्याच्या गच्च्यांवर यागी (आडव्या दांड्यांचे टीव्हीचे अँटेना) उगवले. मी ते लावायचं काम केलंय. एक जण वर दांडा फिरवणार, एक जिन्यात, एक खाली टीव्हीसमोर, आणि "आलं, आलं, गेलं" अशी साखळी.

तेव्हा शिकलेली गोष्ट इथे कामाची आहे. नवशिके चित्र जास्तीत जास्त ठळक होईल तिथे यागी थांबवायचे. पण समोरच्या इमारतीवरून परावर्तित झालेला सिग्नल थोडा उशिरा येऊन चित्राशेजारी भूत उमटवायचा. आम्ही सिंहगडाकडे तोंड करण्यापेक्षा भुताकडे अँटेनाची आंधळी बाजू करायचो. थोडी ताकद गेली तरी चित्र स्वच्छ. नको असलेलं जिथून येतं तिकडे अँटेना बहिरा करायचा, हे तत्त्व रेडिओलाही लागू आहे.

दुसरं. तुम्ही दुसऱ्यांना त्रास देणार नाही याचीही काळजी घ्या. त्या काळी हॅमवाले २१ मेगाहर्ट्झवर बोलायचे तेव्हा त्याची तिसरी पट ६३ मेगाहर्ट्झला पडायची, आणि टीव्हीचं चॅनल ४ म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. बातम्यांवर आडव्या रेघा, की शेजारी दारात. सेटनंतर लो-पास फिल्टर (वरच्या लहरी अडवणारी गाळणी) लावला की भांडण मिटायचं. आज टीव्ही डिशवर गेला, पण शेजाऱ्याच्या स्पीकरमध्ये, टच करायच्या बटणांमध्ये तुमचा आवाज घुसू शकतो. मेधाताईंचा चोक दोन्हीकडून काम करतो, खरखर आत येऊ देत नाही आणि तुमचा सिग्नल केबलवरून घरात पसरू देत नाही.

---

गच्चीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. तात्यांनी सांगितलेली चाचणी केली.

मेन पाडल्यावर खरखर बरीच उतरली, एस पाचच्या आसपास आली. घरातले दोन मोठे स्रोत सापडले, राउटरचा अॅडाप्टर आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावरची एलईडी पट्टी. अॅडाप्टर बदलला, पट्टीचा ड्रायव्हर काढून चांगला लावला. उरलेली खरखर जिन्यातल्या एलईडी ट्यूबची आहे, त्या संध्याकाळी टायमरवर एकदम लागतात, म्हणून संध्याकाळी वाढायची. मेधाताई, दिव्यांवरचा तुमचा संशय खरा निघाला. लिफ्ट हलली की वेगळी घूं-घूं येते. दुपारी गच्चीवर रेडिओ नेला तर सोलरच्या इन्व्हर्टरजवळ तो नुसता किंचाळतो.

आता जिन्याच्या ट्यूब सोसायटीच्या, सोलर सोसायटीचा, लिफ्ट सोसायटीची. काय करू?

---

पिंपळपान
सेक्रेटरीच्या निवडणुकीला उभे राहा.

---

वायरमन_तात्या
ट्यूबचं सोपं आहे. ज्या दोन-तीन सगळ्यात ओरडतात तेवढ्याच शोधून बदलून द्या, स्वतःच्या खर्चाने. कोणी नाही म्हणणार नाही.

लिफ्टच्या मोटरला व्हीएफडी असतो, म्हणजे वेग बदलणारा ड्राइव्ह. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतची केबल जाळीची हवी आणि जाळी दोन्ही टोकांना नीट अर्थ हवी. पुष्कळ ठिकाणी तिथे साधी वायर टाकलेली सापडते. देखभालीच्या माणसाला विनंती करा, स्वतः त्या पॅनेलला हात लावू नका. लिफ्ट तशीही सतत चालत नाही, अर्धा मिनिट थांबायचं.

---

रविकिरण_
सोलर बसवायच्या कामात आहे, म्हणून लिहितो. इन्व्हर्टरपेक्षा बऱ्याचदा डीसीच्या तारा दोषी असतात. पॅनेलपासून येणारी प्लस आणि मायनस तार वेगवेगळ्या वाटेने नेली की मध्ये मोठा फेरा तयार होतो, आणि तो फेरा म्हणजे आयता अँटेना. दोन्ही तारा एकमेकींना चिकटून, शक्य तर धातूच्या पाइपातून न्यायच्या. इन्व्हर्टरच्या डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना फेराइट घालता येतं. पॅनेलमागे ऑप्टिमायझर असतील तर काम कठीण, कारण प्रत्येक पॅनेलच्या मागे एकेक सप्लाय बसलेला असतो.

तारा बांधून घ्यायचं काम बसवणाऱ्याच माणसाकडून करवून घ्या. डीसीचा दाब शेकडो व्होल्टचा असतो आणि ऊन असेपर्यंत तो बंद करता येत नाही.

डायपोल मात्र पॅनेलच्या रांगेला समांतर आणि डोक्यावरून नेऊ नका. गच्चीचा दुसरा कोपरा पकडा. दोन-चार मीटर दूर सरकल्यानेही फरक पडतो.

---

नवाकोरा
शेजारच्या मोबाइल टॉवरचं काय? त्यानेच खरखर येत असणार ना? आमच्याकडे सगळे टॉवरलाच दोष देतात.

---

मेधा_स
टॉवर ७०० मेगाहर्ट्झच्या वर बोलतो, ७ मेगाहर्ट्झच्या सेटला त्याची थेट अडचण होत नाही. टॉवरखालच्या खोलीतल्या पॉवर सप्लायची खरखर मात्र येऊ शकते, तीही रेडिओ घेऊन चालत गेलात की कळेल. जवळ जबरदस्त प्रक्षेपण असेल तर आणखी एक गंमत होते. गंजलेले जोड, टाकीची शिडी, पत्र्याचा कडा हे डायोडसारखे वागतात आणि दोन प्रक्षेपणं मिसळून तिसऱ्याच जागी भलताच सिग्नल उमटवतात. गच्चीवरचे गंजके नटबोल्ट घट्ट करणं, नको असलेल्या जुन्या तारा आणि छत्र्या उतरवणं, हेही अँटेनाच्याच कामात धरा.

---

सह्यकडा
अर्थिंगबद्दल गच्चीकरांनी विचारलं होतं. माझ्या मते चांगला खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी केली की अर्धी खरखर जमिनीत जाते.

---

वायरमन_तात्या
इथे मी असहमत. अर्थिंग विजेच्या धक्क्यापासून आणि पावसाळ्यातल्या विजेपासून वाचवायला आहे, आणि त्यासाठी ते हवंच. पण सहाव्या मजल्यावरून जमिनीपर्यंत उतरलेली वीस मीटर तार ७ मेगाहर्ट्झला अर्थ राहतच नाही, ती स्वतः अर्धी तरंगलांबी होते आणि वाटेतल्या सगळ्या वायरिंगची खरखर गोळा करते. डायपोलला कामासाठी जमिनीची गरज नाही.

शिवाय वेगळा खांब ठोकून तो इमारतीच्या अर्थला न जोडता ठेवणं धोक्याचं. वीज जवळपास पडली तर दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या सेटमधून वाट काढतो. सगळे अर्थ एकमेकांना जोडलेले हवेत. केबल इमारतीत शिरते तिथे गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका अर्थकडे वळवणारा) लावा. आणि वळवाचे ढग दिसले की केबल सेटमधून काढून बाहेर ठेवा. सोसायटीला हे सगळं लेखी द्या, लोकांना खरी भीती विजेचीच असते.

---

सह्यकडा
आमचं घर बैठं आहे, खड्डा खिडकीखाली, तार जेमतेम दोन मीटर. म्हणून फरक पडला असावा. उंच इमारतीत तुमचं बरोबर.

---

परदेशी_पाखरू
न्यू जर्सीतून. इथल्या सोसायटीने बाहेर तार दिसता कामा नये असा करार आधीच करून घेतलेला. १९८५ पासून एफसीसीचा, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाचा, नियम आहे की नगरपालिकांनी हॅम अँटेनाला वाजवी मोकळीक द्यावी, पण खासगी करारांना तो लागू नाही. म्हणून पोटमाळ्यात डायपोल वळवून बसवला. पुण्यात तोंडी होकारावर गच्ची मिळते हे वाचून बरं वाटलं. तरी लेखी घ्याच. समिती बदलली की होकार बदलतो.

---

आजीचा_रेडिओ
सगळे ७ मेगाहर्ट्झवर बोलताहेत, गच्चीकरांच्या बाबांचं कोणी बघणार की नाही? माझी आजी सांगली केंद्र ऐकते, १२५१ वर. तिच्याकडेही हेच झालं होतं.

मध्यम लहरींच्या रेडिओत आत फेराइटची कांडी असते, तोच अँटेना. ती कांडीच्या टोकांच्या दिशेला बहिरी असते. म्हणून रेडिओ टेबलावर गोल फिरवायचा. स्टेशन मोठं होईल तिथे न थांबता खरखर सगळ्यात कमी होईल तिथे थांबायचं, वर दूरदर्शनवाल्या काकांनी भुतांबद्दल सांगितलं तसंच. मग रेडिओ टीव्ही, फ्रिज आणि भिंतीतल्या वायरिंगपासून दूर, खिडकीशी. बॅटरीवर चालवायचा, स्वस्त अॅडाप्टरवर नाही. एवढ्यावर आजीचं काम झालं.

त्यानेही भागलं नाही तर लाकडी चौकटीवर तारेचे वेढे आणि जुन्या रेडिओतला व्हेरिएबल कंडेन्सर जोडून वेटोळ्याचा अँटेना करता येतो. रेडिओशी जोडायचाही नाही, नुसता शेजारी ठेवून कंडेन्सर फिरवायचा. स्टेशन असं उसळून येतं की आजीने आधी आवाज कमी कर म्हणून सांगितलं.

---

गच्चीकर
आजीचा_रेडिओ, बाबांना वाचून दाखवलं. रेडिओ कपाटाला काटकोनात आल्यावर घरघर जवळजवळ गेली. आता तो तिथून कोणी हलवायचा नाही असा हुकूम निघालाय.

ठरवलं ते असं. सोलरच्या विरुद्ध कोपऱ्यात डायपोल, उलटा व्ही, मध्ये सहा मीटरचा पाइप. वर करंट बालन, खाली खिडकीपाशी दुसरा चोक. केबल साधारण ३० मीटर लागेल. दोन प्रश्न राहिले. आरजी-५८ घेऊ की आरजी-२१३? घरात टीव्हीची आरजी-६ पडलेली आहे, ती चालेल का? आणि तारेचं एक टोक टाकीच्या शिडीला बांधलं तर चालेल का?

---

मेधा_स
७ मेगाहर्ट्झला ३० मीटरमध्ये आरजी-५८ मध्ये जेमतेम दीड डेसिबल जातं, चालेल. पुढे १४५ मेगाहर्ट्झवर तीच वापरायची असेल तर मात्र नको, तिथे सत्तर टक्के शक्ती केबलमध्येच संपते. तेव्हा आरजी-२१३.

आरजी-६ ही ७५ ओहमची आहे, पण डायपोलही त्याच घरातला, त्यामुळे चालून जाते. तिची जाळी अॅल्युमिनियमची, तिला सोल्डरचा डाग बसत नाही, दाबून बसवायचे कनेक्टर वापरा. चोकसाठी मात्र तिला फार घट्ट वळवू नका. गच्चीवरच्या प्रत्येक जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी, वर साधी टेप. पाणी एकदा जाळीत शिरलं की केसासारख्या तारांमधून ओढत खालपर्यंत येतं आणि मग अख्खी केबल टाकावी लागते.

---

वायरमन_तात्या
शिडीला तार बांधू नका. डायपोलच्या टोकाला दाब सगळ्यात जास्त असतो, ५० वॅटवरही शेकडो व्होल्ट, आणि टाकी धुवायला आलेल्या माणसाचा हात नेमका तिथेच जाणार. टोकाला इन्सुलेटर, पुढे दीड-दोन मीटर दोरी, आणि दोरी शिडीला न बांधता कठड्याच्या खांबाला. तारेचं टोक माणसाच्या हाताच्या वर, निदान अडीच मीटर. शिडी लोखंडाची, तार तिच्या जवळ आली तर लांबीचं गणितही बिघडेल.

दोरी पॉलिएस्टरची घ्या. निळी-पिवळी प्लास्टिकची स्वस्त दोरी उन्हाने कुसकरते आणि पहिल्या वाऱ्याला तार खालच्या पार्किंगमध्ये येते. एका बाजूला दोरी ताणून पक्की न बांधता कप्पीवरून सोडून खाली वजन लटकवा, वाऱ्यात तार तुटणार नाही. तार सरळ झाली की एसडब्ल्यूआर मोजून आकडे इथे टाका, किती छाटायची ते सांगतो.